अण्णांना भरवताना

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा तेच! "हात खिशात, फ्राऊ आगाशे!" — आणि तेही सगळ्यांसमोर. पंचेचाळीस वर्षांची बाई मी. चिंचवडच्या बँकेत तेरा वर्षं ऑफिसर होते, माझ्या किल्लीशिवाय तिजोरी उघडत नव्हती. इथे जर्मनीत मला भिंतीला टेकवून हात खिशात घालून उभं केलं. गृहपाठ न केलेल्या पोरीसारखं!

गुन्हा काय? लिंडनर आजोबांच्या शर्टाची बटणं लावली. माणूस शहाऐंशी वर्षांचा. अर्धांगवायूच्या झटक्यानं उजवा हात अर्धाच उरलाय. एक बटण लावायला सहा मिनिटं — घड्याळ बघून सांगते. बोटं थरथरतात, बटण काजापर्यंत येतं, निसटतं, की पुन्हा पहिल्यापासून. हे नुसतं बघत राहायचं? आमच्या घरात म्हातारं माणूस पाण्याच्या भांड्याकडे बघायचा अवकाश, कोणीतरी उठायचंच. इथे उठलं की वहीत शेरा.

फ्राऊ ब्रेनर ही या हाइममधली आम्हा शिकाऊंची मास्तरीण. (वृद्धाश्रम म्हणवत नाही मला. सगळे हाइम म्हणतात, मीही तेच म्हणते.) तिचं म्हणणं — जे तो स्वतः करू शकतो ते तुम्ही केलंत, तर महिन्याभरात तो तेही विसरेल. "आल्झो — म्हणजे तेव्हा — हात खिशात." कामाच्या झग्याला पुढे दोन मोठे खिसे आहेत. मला वाटलं होतं, पेन ठेवायला असतील.

४ नोव्हेंबर

पाच बटणं. एकतीस मिनिटं. माझ्या तळव्यांवर नखांचे वण.

९ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंचा चिंचवडहून फोन. "काय गं नंदिनी, तुझा तो मॅनेजमेंटचा कोर्स कसा चाललाय?" मी म्हटलं, "छान चाललाय, आई."

विलासनं त्यांना सांगून ठेवलंय की मी हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकते. वर्षभराचा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स आहे, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, लंगोट बदलायचे — असं कसं सांगणार? "आईला वाटेल, स्वतः गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आणि बायकोला लोकांचं हगणंमुतणं काढायला पाठवलंय." हे विलासचे शब्द. त्याला माझी लाज वाटत नाही म्हणे. आईला वाईट वाटू नये, एवढंच. या, या, गेनाऊ — हो, अगदी बरोबर!

पण आईंना यात नवं ते काय? त्यांच्या नवऱ्याचं सगळं मीच केलं होतं की! त्यांच्या डोळ्यांदेखत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज शेरा आला. लेखी. "मदत करण्याची वृत्ती अतिरेकी." चार वेळा वाचला. अशी वृत्ती अतिरेकी असू शकते हे मला या वयात कळलं.

हसू येतं. कारण ही जागा मला अण्णांनी मिळवून दिली. अण्णा म्हणजे माझे सासरे. इथल्या मुख्य बाईंनी मुलाखतीत विचारलं, हेच काम का? माझ्याकडे इथलं सर्टिफिकेट नाही, अनुभव नाही. मग मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये अण्णांचं सांगितलं. २००८ साली त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जडावलं. पुढची दोन वर्षं बँकेतून आले की पर्स टाकायची, हात धुवायचे आणि अण्णांना भरवायचं. मऊ वरणभात, वर तूप, चिमूटभर मेतकूट. छोटे छोटे घास. तासभर लागायचा. मी आपली बडबडत बसायची — कुठल्या गिऱ्हाइकानं काय घोळ घातला, मॅनेजर कसा खेकसला. ते ऐकायचे आणि खायचे. नातेवाईक म्हणायचे, सून नाही, लेक आहे तुम्हाला. मुख्य बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मला घेतलं.

त्याच वर्षी माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. त्याबद्दल या वहीतसुद्धा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं. असो.

आयुष्यात एखादी गोष्ट मी नीट केली असेल तर ती अण्णांची सेवा. आता ब्रेनरबाई म्हणते, नेमकी तीच सवय मोडायला हवी.

३१ जानेवारीला माझा चाचणीचा काळ संपतो. तोवर त्यांनी ठरवायचं, ठेवायची की घालवायची. त्याआधी एक प्रात्यक्षिक. घालवली तर पुन्हा स्वयंपाकघर, नीलचा डबा, आणि खिडकीतून कारखान्याच्या पार्किंगकडे बघत बसायचं. या नेकारसुल्म गावात दहा वर्षं तेच केलंय. आता नाही बघवत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी नीलच्या ब्रेडला लोणी लावायला सुरी उचलली. त्यानं माझ्या हातातून काढून घेतली. "मामा, इश कान दास झेल्बर." आई, माझं मला येतं. चौदा वर्षांचा घोडा, त्याचं तो लावणारच, त्यात काय! पण मी सिंकशी जाऊन नळ सोडून उभी राहिले.

घरात हात खिशात, बाहेर हात खिशात. मग हे हात आहेत कशाला?

४ डिसेंबर, गुरुवार

आज कोर्सच्या शाळेचा दिवस, हाइलब्रॉनला. विषय — गिळणं. अख्खे चार तास गिळण्यावर! झटका आलेल्या माणसाचा घास कधीकधी अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत जातो. ठसका लागतोच असं नाही. गुपचूप जातो. फुप्फुसात साठतो. मग ताप, मग न्यूमोनिया. म्हणून पाठ ताठ, हनुवटी खाली, आणि जमेल तिथे घास त्याच्याच हातानं. आपला हात तोंडाकडे निघाला की गिळायची तयारी आधीच सुरू होते. दुसऱ्यानं घातला की घास अवचित येतो.

सगळं उतरवून घेतलं. मास्तरांनी विचारलं, काही प्रश्न?

मला होता. विचारला नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

नाताळची ड्यूटी मागून घेतली. इथल्या बायकांना आपापल्या घरी जायचं असतं.

लिंडनरांकडे कोणी आलं नाही. मुलगी हॅनोव्हरला असते, म्हणाले, "लांब आहे." सकाळची बटणं झाली, सव्वीस मिनिटांत. पाच मिनिटं कमी! मी भिंतीशी उभी होते आणि माझं मलाच कळलं नाही की मी श्वास रोखून धरलाय. शेवटचं बटण लागल्यावर त्यांनी वर बघितलं, शाळेत फळ्यावरचं गणित सुटलेल्या मुलासारखं.

मग कपाटातून एक चॉकलेट काढलं. चंदेरी कागदातलं. मला वाटलं त्यांना खायचंय, पुढे झाले, मग आठवलं — हात खिशात. त्या एका हातानं कागद सोडवत बसले. दातानं धरला, सुटला, मांडीवर पडला, पुन्हा उचलला. सात-आठ मिनिटं. मग ते चॉकलेट माझ्यापुढे धरलं. "तुमच्यासाठी."

इतका वेळ माझ्यासाठी कोणी काही सोलत बसलं नव्हतं. खाल्लं. रडू आवरलं. माणूस अडतीस वर्षं कारखान्याच्या रंगखात्यात होता, विलासच्याच कारखान्यात. घरी येऊन विलासला सांगितलं, तर म्हणाला, "पेशंटकडून घेतलेलं चालतं का तुम्हाला?"

१४ जानेवारी, बुधवार

क्रमानं लिहिते.

आज प्रात्यक्षिक होतं आणि आज संक्रांत. पहाटे उठून तिळगुळाच्या वड्या केल्या होत्या — पास झाले तर सगळ्यांना वाटायच्या म्हणून. दोन खिशात ठेवल्या, कागदात गुंडाळून. शकुन म्हणून. मूर्ख!

सगळं नीट झालं. खरंच नीट झालं. तोंड धुणं, शर्ट, न्याहारी, सगळं लिंडनरांनी केलं आणि मी खिशात हात घालून उभी. बोटांना कागदातल्या वड्या लागत होत्या. पाठ ताठ, हनुवटी खाली, चहात घट्ट करायची पावडर, घासांमध्ये थांबायचं — सगळं आठवलं. ब्रेनरबाई मान हलवत होती. म्हणाली, "फार छान, फ्राऊ आगाशे," आणि कागद पुरे करायला दारापाशी गेली.

आणि मला इतका आनंद झाला! घरात आपलं वडीलधारं माणूस बसलंय असं वाटलं. सणाचा दिवस, आणि मी त्याला कोरडीच ठेवून जाणार? वडी काढली, नखाएवढा तुकडा मोडला. हातावर ठेवला असता तर त्यांनी आधी बघितला असता, हुंगला असता. पण तो हात अर्धा, पाडतील बिचारे... मी उभ्या उभ्या तो त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी मान वर करून तो घेतला.

आधी नुसता घशातून आवाज आला. मग ठसका. मग ठसकाही येईना. चेहरा जांभळा. ब्रेनरबाई धावली, त्यांना पुढे वाकवलं, पाठीत थापट्या मारल्या, एक, दोन, तीन, चार. मी हातात उरलेली वडी धरून उभी. शेवटी बाहेर आलं. टेबलावर तीळ. चार-पाच तीळ!

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "का?" मी म्हटलं, "आज आमचा सण आहे." तिनं डोळे मिटले आणि लिहायला लागली.

नापास. पुन्हा एकदा संधी, २९ तारखेला. ती शेवटची. आणि तीन दिवस त्यांचा ताप बघायचा, फुप्फुसात काही गेलं असेल तर कळेल.

१५ जानेवारी

अण्णा डिसेंबर २००९ मध्ये गेले. न्यूमोनियानं. थंडी बाधली, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

मी त्यांना दोन उशांना टेकवून भरवायची. आरामात बसावेत म्हणून. मान मागे. मी स्टुलावर, उंचावर. बोलता बोलता घास. मध्येच घसा खाकरायचे, मी म्हणायची, "अण्णा, तिखट झालं का हो?" आणि पुढचा घास.

त्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. दोन वर्षं तो मी कधी हलताना बघितला नाही. हलायची वेळच आणली नाही मी त्याच्यावर.

१६ जानेवारी

लिंडनरांचा ताप ३८.१ सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडचा शंभराच्या वर.

१७ जानेवारी

३८.६. डॉक्टर आले. अँटिबायोटिक. डॉक्टर म्हणाले, असं भरवल्याशिवायही होतं, नक्की सांगता येत नाही. मला सांगता येतं.

१८ जानेवारी, रविवार

इथल्या मराठी मंडळींतल्या देवश्रीकडे हळदीकुंकू. विलासनं ओढून नेलं. तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "घे ना गं! तुझं काय चाललंय सध्या?" मी म्हटलं, "हॉस्पिटल मॅनेजमेंट." सगळ्या म्हणाल्या, वा! वडी पर्समध्ये टाकली. खाववली नाही.

२० जानेवारी

३७.४. उतरतोय. देवा.

२१ जानेवारी, बुधवार

लिंडनरांच्या खोलीत जायची परवानगी मागितली. माफी मागितली. पाठ केलेलं वाक्य होतं, मध्येच विसरले. ते उशीवर, उतरलेले, शर्ट नाही, हाइमचा अंगरखा. म्हणाले, "तुम्ही चांगल्या मनानं केलंत."

या भाषेत याच्याइतकं वाईट कोणी काही बोलत नाही. नीलच्या मास्तरांनी त्याच्या निबंधावर तेच लिहिलं होतं. म्हणजे हेतू चांगला, बाकी सगळं फुकट. लिंडनरांना तसं म्हणायचं नव्हतं बहुतेक. मला मात्र तेच ऐकू आलं. चांगल्या मनानं. अण्णांचंही मी चांगल्याच मनानं केलं.

२६ जानेवारी, सोमवार

राजीनाम्याचं पत्र लिहिलं. चार ओळी, जर्मनमध्ये. एकही चूक नाही, नीलला दाखवलं. त्यानं वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच आपणहून मराठीत बोलला. "का, आई?" मी पत्राची घडी घातली.

विलासला सांगितलं तेव्हा त्यानं लॅपटॉपवरून मान वर केली. "दे सोडून. आपल्याला कुठे गरज आहे? बरंच झालं, आईलाही काही सांगायला नको." किती सोपं! मी सोळा वर्षं उराशी धरलेली एक गोष्ट मोडली आहे आणि याला वाटतंय नोकरी गेली.

मी ओरडले. बऱ्याच वर्षांनी. म्हटलं, मी अण्णांना मारलंय, तुला कळतंय का? तुझ्या वडलांना! तो पांढराफटक पडला. "काहीतरीच काय बोलतेस!" मग उठून बाल्कनीत गेला. आत आला तेव्हा म्हणाला, "आईला विचार हवं तर. शेवटी शेवटी ती होती दिवसभर त्यांच्यापाशी."

विचारायचं म्हणजे आधी खरं सांगायचं. इतके महिने खोटं बोलले ते. आणि त्या हो म्हणाल्या तर? मग पुढे जगायचं कसं?

२७ जानेवारी

फोन लावला. एक रिंग वाजली, ठेवला.

पत्र पिशवीत. उद्या देणार.

२८ जानेवारी, बुधवार

दुपारी आईंना सगळं सांगितलं. कोर्स, झगा, लिंडनर, तिळगूळ. आणि विचारलं, "आई, अण्णा माझ्यामुळे गेले का हो?"

त्या म्हणाल्या, "अगं, तू बँकेत गेलीस की दुपारी ते आपल्या हातानं जेवायचे. उजव्याच. निम्मं सांडायचं, पण जेवायचे. रविवारी तू घरी असलीस की हात मांडीवर टाकून बसायचे, लबाड! डॉक्टर म्हणाले होते मला, भरवू नका, घास छातीत जाईल, जिवावर बेतेल. मी तुला सांगायला उठले तर ह्यांनी माझं मनगट धरलं. त्याच हातानं. म्हणाले, तिला भरवू दे. बाळ गेल्यापासून पोरगी कोणाशी बोलत नाही. माझ्यापाशी तासभर बोलते."

"तुला कधी सांगायचं नाही असं कबूल करून घेतलं होतं माझ्याकडून."

उद्या सहाची ड्यूटी, आणि दुसरं प्रात्यक्षिक. पत्र दिलेलं नाही. जाणार.